लागणं आणि होणं: सातपुड्याच्या पायथ्याशी एका माकडिणीच्या लिम्फोमाचं प्रकरण

चोपडा तालुक्यात सातपुड्याला अगदी खेटून एक गाव आहे. गावाचं नाव देत नाही, कारण त्या उन्हाळ्यात त्या गावाने पुरेसं सोसलं आहे. वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ, देवळामागे साग आणि अंजनाची झाडं, खाली केळीच्या बागा. देवळाच्या आसऱ्याने लाल तोंडाच्या माकडांची एक टोळी राहते. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा लहानमोठी मिळून चौतीस होती. काळ्या तोंडाचे वानर आपल्याकडे सगळीकडे दिसतात. लाल तोंडाचं रीसस माकड मात्र खानदेशात मुख्यतः तापीच्या उत्तरेला आहे. तापीच्या खाली दक्षिणेकडे गेलं की लाल तोंडाचं म्हणून जे दिसतं ते बहुतेक बॉनेट, म्हणजे वेगळी जात. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

मी तेव्हा तालुक्यात पशुधन विकास अधिकारी होतो. आमचं रोजचं काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. वन्यप्राणी वनविभागाचे, त्यांनी बोलावलं तरच आम्ही जायचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वनरक्षकाचा फोन आला. एक म्हातारी माकडीण तीन दिवसांपासून देवळाच्या पायरीवरून हलत नव्हती. गालात काहीतरी अडकलंय, असं त्याला वाटत होतं.

वाटणं स्वाभाविक होतं. या माकडांच्या गालात पिशव्या असतात. मिळालेला हरभरा, शेंगदाणे आधी तिथे भरायचे आणि मग निवांत चघळायचे, ही त्यांची रीत. कधीकधी त्या पिशवीत अन्न कुजतं आणि सूज येते. पण मी जवळून पाहिलं तेव्हा सूज गालात नव्हती. जबड्याच्या कोनाखाली, दोन्ही बाजूंना, लिंबाएवढ्या घट्ट गाठी होत्या. पुजारी बाबांनी त्याला एकच शब्द वापरला: गंडमाळ. गावात गंडमाळ म्हणजे क्षय, आणि ती शंका चुकीची नव्हती. माझ्याही मनात पहिला तोच आला.

वनविभागाच्या पथकाने तिला जाळीत घेतलं आणि गुंगीचं औषध देऊन मी तपासलं. वजन सव्वाचार किलो, हाडांवर कातडं. दात झिजलेले, म्हणजे वय झालेलं. पापण्यांची आतली बाजू पांढरी पडलेली. काखेत आणि जांघेत सुपारीएवढ्या गाठी, आणि पोटावर हात ठेवला तर प्लीहा बरगडीच्या बाहेर हाताला लागत होती. गाठी गरम नव्हत्या, दुखत नव्हत्या, पिकलेल्या नव्हत्या. चावाचावीतून झालेलं गळू एका बाजूला असतं आणि त्यात पू असतो. इथे शरीरभर सारख्याच गाठी होत्या.

रक्त घेतलं. मानेच्या गाठीत सुई घालून थोडा रस ओढला आणि चार काचपट्ट्या केल्या. दोन क्षयाच्या जंतूंसाठीच्या रंगाने रंगवल्या, दोन नेहमीच्या रंगाने. क्षयाचा जंतू एकही दिसला नाही. उरलेल्या दोन पट्ट्यांनी मात्र मला खुर्चीत सरळ बसवलं. निरोगी गाठीत लहान-मोठ्या, निरनिराळ्या वयाच्या पेशींची सरमिसळ असते. इथे सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या मोठ्या गोल पेशी होत्या, निळसर पेशीरसाची बारीक कड, फुगलेलं केंद्रक आणि त्यात ठळक ठिपके. कुत्र्यांमध्ये मी हे चित्र अनेकदा पाहिलं होतं, माकडात कधीच नाही. लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या रक्षक पेशींचा कर्करोग.

चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

शवविच्छेदन वनविभागाच्या पंचनाम्यासह झालं. इथे एक गोष्ट आमच्या क्षेत्रातल्या तरुण मुला-मुलींसाठी ठासून सांगतो, कारण मी स्वतः तिथवर पुरेसा सावध नव्हतो. रीसस माकडाला हात लावताना दुहेरी हातमोजे, मुखपट्टी आणि डोळ्यांवर आवरण हवंच. या जातीत ‘बी विषाणू’ नावाचा नागीणकुळातला एक विषाणू असतो. माकडाला त्याने फारसं काही होत नाही, फार तर ओठावर फोड. माणसाच्या मेंदूपर्यंत तो पोचला तर जीव जातो. १९३२ मध्ये अमेरिकेत एका तरुण डॉक्टरला माकड चावलं आणि त्यातून हा विषाणू सापडला. तेव्हापासून जगभरात जेमतेम पन्नासच्या आसपास रुग्णांची नोंद आहे, इतका हा आजार दुर्मीळ. पण डोळ्यात उडालेला एक थेंब पुरतो.

आत पाहिलं तर प्लीहा नेहमीच्या तिप्पट. आतड्यांच्या पडद्यातल्या गाठी एकमेकींना चिकटून लगदा झालेल्या, कापल्यावर कच्च्या माशाच्या मांसासारख्या पांढऱ्या, मऊ. मूत्रपिंडावर पांढरे ठिपके. फुफ्फुसात क्षयाचा दाणा एकही नाही. तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये आणि थोडे बर्फात घालून पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवले, आणि शव साक्षीदारांसमोर जाळलं.

तीन आठवड्यांनी तिथल्या विकृतिशास्त्राच्या मॅडमचा फोन आला. गाठीतल्या पेशींवर सीडी२० नावाची खूण होती, सीडी३ नव्हती. म्हणजे कर्करोग बी पेशींचा, प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्षक पेशींचा होता. आणि बर्फातल्या तुकड्यात लिम्फोक्रिप्टोव्हायरसचा डीएनए मिळाला होता.

हा फोन मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर घेतला. आजूबाजूला सात-आठ माणसं होती. फोन ठेवल्यावर सरपंच नानांनी विचारलं आणि मी म्हणालो, “नाना, कॅन्सर होता. विषाणूमुळे झालेला दिसतोय.” दोनच वाक्यं. त्यातलं दुसरं मी तेव्हा बोलायला नको होतं. अर्धवट तपासणीवर बोललो ही एक चूक, आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्याचं काय होईल याचा विचार केला नाही ही दुसरी, अधिक मोठी.

संध्याकाळपर्यंत मोबाइलवर संदेश फिरू लागला की देवळातल्या माकडांमुळे कॅन्सर पसरतोय. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं कमी. एका मावशींच्या गळ्याला जुनी गाठ होती, थायरॉइडची, वर्षानुवर्षांची. त्यांच्या घरी पाणी प्यायला कोणी जाईना. आणि पाचव्या दिवशी एका बांधावर टोळीतली तीन माकडं मरून पडली. त्यांच्या तोंडाला फेस होता आणि जठर उघडल्यावर केळीच्या गरासोबत कीटकनाशकाचा वास आला. एक पिल्लू आईच्या अंगाखाली होतं. कोणी केलं ते पोलीस आणि वनविभाग बघतील. मला एवढं कळत होतं की त्या केळात माझं एक वाक्यही कालवलेलं आहे.

मॅडमशी दुसऱ्यांदा बोललो तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, “डॉक्टर, डीएनए सापडला म्हणजे तुम्ही काय सिद्ध केलं? प्रौढ रीसस माकड घ्या, बहुतेकांत तो सापडेलच.”

हे या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून इथे थांबतो.

लिम्फोक्रिप्टोव्हायरस हा माणसातल्या एपस्टाइन-बार विषाणूचा सख्खा भाऊ. माणसातला हा विषाणू १९६४ मध्ये लंडनमध्ये सापडला. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका गाठीचं वर्णन केलं होतं. त्या गाठीच्या पेशी वाढवून मायकल एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पाहिला. मग लक्षात आलं की जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतोच. तुमच्या-माझ्यातही असणार. लहानपणी आईने चावून भरवलेल्या घासातून, एका पेल्यातून, पाप्यातून तो येतो, बी पेशींमध्ये जाऊन बसतो आणि जन्मभर राहतो. मग युगांडाच्या मुलांनाच गाठ का? कारण तिथे विषाणूच्या जोडीला मलेरिया होता, वारंवार येणारा. त्याने बी पेशींना सतत वाढायला लावलं आणि विषाणूवरची राखण सैल केली.

राखण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. केळीच्या बागेला जागल्या असतो. रानडुक्कर रानात कायमच असतं, बागेत घुसत नाही कारण जागल्या आहे. शरीरात टी पेशी हे जागले. विषाणू बसलेली बी पेशी वाढू लागली की त्या तिला टिपतात. जागल्या म्हातारा झाला, आजारी पडला किंवा कोणी उचलून नेला, तर बाग जाते. एचआयव्हीच्या आणि अवयव बदललेल्या रुग्णांमध्ये नेमकं असंच होतं. माकडांत हे प्रयोगशाळांनी पाहिलं. आफ्रिकी माकडांचा एसआयव्ही विषाणू, म्हणजे एचआयव्हीचा माकडांतला भाऊ, अमेरिकेतल्या केंद्रांमध्ये आशियाई माकडांत शिरला. आफ्रिकी माकडाला तो सोसतो, आपल्या रीससला एड्ससारखा आजार देतो. १९८५ मध्ये तो वेगळा काढला गेला. अशा माकडांना होणाऱ्या बी पेशींच्या लिम्फोमात लिम्फोक्रिप्टोव्हायरस मिळतो.

माझ्या माकडिणीला एसआयव्ही असण्याचं कारण नव्हतं. सातपुड्यात तो येणार कुठून? मग प्रश्न असा की विषाणू फक्त तिच्या शरीरात होता, की गाठीच्या पेशींच्या आत? पहिलं खरं असेल तर तो निव्वळ शेजारी. दुसरं खरं असेल तरच नातं. ते ठरवायला इन सिटू हायब्रिडायझेशन करावं लागतं. विषाणूच्या एका विशिष्ट आरएनएला चिकटणारा धागा कापलेल्या पातळ चकतीवर सोडतात, तो जिथे चिकटेल तिथे रंग उमटतो. आणि नेमकं कोणत्या पेशीत ते डोळ्यांनी दिसतं. माणसासाठी बनवलेला धागा माकडाच्या विषाणूलाही चिकटतो, इतकं त्यांचं साम्य आहे. मॅडमनी आमची चकती माणसांच्या कर्करोगाचं निदान करणाऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवली. सात आठवडे लागले. गाठीतल्या बहुतेक पेशींची केंद्रकं काळीनिळी उमटली होती आणि आजूबाजूच्या निरोगी पेशी कोऱ्या होत्या.

म्हणजे ओट्यावर मी जे म्हणालो ते शेवटी खरं निघालं. पण बोललो तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आणि खरं निघूनही गावाने त्यातून जे ऐकलं ते खोटंच होतं.

दरम्यान मी सुखुमीचं प्रकरण पुन्हा मुळातून वाचून काढलं. काळ्या समुद्राच्या काठी, अबखाझियात, १९२७ मध्ये सोव्हिएत सरकारने माकडांचं संशोधन केंद्र उभारलं. तिथल्या हमाद्रियास बबून या आफ्रिकी-अरबी माकडांत १९६७ पासून एकामागून एक लिम्फोमा होऊ लागले. पुढच्या काही वर्षांत शेकड्यांनी प्राणी गेले. आधी वाटलं, माणसांच्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांचं रक्त त्यांना टोचलं होतं त्यामुळे. मग या बबूनांत लिम्फोक्रिप्टोव्हायरसचा बबूनी भाऊ मिळाला, तेव्हा तो गुन्हेगार ठरला. पण तोही बहुतेक बबूनांत असतोच, निरोगी असले तरी. पुढे १९८० मध्ये माणसात टी पेशींचा कर्करोग करणारा एचटीएलव्ही-१ हा विषाणू सापडला, मग माकडांतला त्याचा भाऊ एसटीएलव्ही-१, आणि तो आजारी बबूनांपैकी जवळजवळ सगळ्यांत निघाला. निरोगी बबूनांतही तो कमी नव्हता, पण आजाऱ्यांइतका नाही. आणि जनुकक्रम जुळवल्यावर नव्वदच्या दशकात उलगडा झाला: हा विषाणू बबूनांचा स्वतःचा नव्हताच. तो रीससचा होता. दोन जाती एका आवारात आणल्या, आणि एकीला सवयीचा पाहुणा दुसरीच्या घरात शिरला.

अशा विषाणूंमध्ये ही गोष्ट वारंवार दिसते. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडात हर्पिसव्हायरस सायमिरी नावाचा विषाणू असतो, त्याला काही होत नाही. तोच मार्मोसेट या तिथल्याच छोट्या माकडात गेला तर काही आठवड्यांत लिम्फोमा. माणसाचा एपस्टाइन-बार विषाणू कॉटन-टॉप टॅमरिन या छोट्या माकडाला टोचल्यावर त्यातही गाठी होतात, हे १९७३ मध्येच दाखवलं गेलं. आपापल्या घरी हे विषाणू बहुतेक गप्प असतात. परक्या घरात किंवा राखण सुटलेल्या घरात ते माजतात. आमची माकडीण दुसऱ्या प्रकारातली होती: विषाणू तिच्याच जातीचा, घर तिचंच, जागले मात्र वयाने थकलेले. एसटीएलव्हीची शंका बी पेशींच्या खुणेनेच मागे पडली होती, कारण तो टी पेशींचा विषाणू.

हे सगळं गावाला कसं सांगायचं? पूर्ण अहवाल हातात घेऊन मी देवळात बैठक मागितली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई आणि वनपालही आले. मी अर्धा तास बोललो, आणि समोरच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं की काही पोचत नाही. शेवटी मागून एक आक्का उठल्या. म्हणाल्या, “डाक्टर, तुम्ही येवढं बोलनात. पन मना नातूले हाई लागी का नही, तेवढं सांगा.”

त्या ‘लागी’ने मला वाट दाखवली. आपल्या भाषेत हा भेद आधीपासून आहे. गोवर लागतो, खरूज लागते, पडसं एकाचं दुसऱ्याला लागतं. मुतखडा होतो, मोतीबिंदू होतो, तो कोणाला लागत नाही. मी म्हणालो, “आक्का, व्हायरस लागस. गाठ लागत नही, गाठ व्हस.” मग मराठीत उलगडलं. या माकडिणीला तो विषाणू लहानपणीच लागला असणार, तिच्या आईच्या तोंडून. टोळीतल्या जवळजवळ सगळ्यांनाच लागला असेल. पण गाठ तिलाच झाली, म्हातारपणी. तिच्या गाठीच्या पेशी दुसऱ्या माकडात जात नाहीत, माणसात तर नाहीच. आणि तो विषाणू रीससचा. आपल्यात आपला स्वतःचा आहे, आधीपासून बसलेला. आक्का खाली बसल्या. शेजारणीला त्यांनी ते पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

मग मी त्यांना खरी भीती कशाची ते सांगितलं, कारण खोटी भीती काढून घेताना हे सांगणं मला बंधनकारक वाटलं. चावा आणि ओरखडा. माकड चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी केंद्रात जायचं, रेबीजच्या लसीसाठी आणि तपासणीसाठी. हळद नाही, चुना नाही, तंबाखू नाही. डॉक्टरबाईंनी लस केंद्रात असल्याचं तिथेच सांगितलं. दुसरी गोष्ट ऐकून मंडळी चमकली: क्षय माकडाकडून आपल्याला येण्यापेक्षा आपल्याकडून माकडाला जाण्याचा धोका मोठा आहे. आपण खाल्लेला उष्टा प्रसाद, आपला खोकला. पुजारी बाबांनी विचारलं, “म्हणजे हातातून द्यायचंच नाही?” नाहीच. आणि शक्यतो काहीच द्यायचं नाही.

ते त्यांना जड गेलं. शनिवारी केळी-हरभरा देणं हे त्यांच्यासाठी पुण्य होतं आणि मी ते हिरावून घेत होतो. नानांनी मध्यम मार्ग काढला. देवळामागे, माणसांच्या वाटेपासून लांब, एक दगडी कट्टा ठरवला, आणि कोणी आणलंच तर तिथे ठेवून यायचं. मला तो पूर्ण पटला नाही. खाऊ घातलेली टोळी वाढते आणि मग बागेत उतरते, आणि विषाचा राग तिथूनच येतो. पण तीन माकडं मेल्यानंतर गावाने स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट होती, मी मोडली नाही.

गळ्याला गाठ असलेल्या मावशींकडे मी डॉक्टरबाईंना घेऊन गेलो. त्यांच्या घरी आम्ही दोघांनी पाणी प्यायलं, चहा घेतला, आणि दार उघडं ठेवून बसलो. गल्लीतल्या बायका बघत होत्या.

पुढचं वर्षभर वनरक्षक महिन्यातून एकदा दुर्बिणीने टोळी बघायचा: कोणाच्या जबड्याखाली फुगवटा आहे का, कोणी एकटं बसतंय का. तसं कोणी दिसलं नाही. आणखी एक म्हातारं नर माकड थंडीत गेलं, त्याचं शव त्याने मला न विचारता बर्फात ठेवून कळवलं. त्याच्या गाठी तपासल्या, निरोगी होत्या. फुफ्फुसाला न्यूमोनिया होता.

पुढच्या हनुमान जयंतीला मी गेलो तेव्हा टोळी तेहतीसची होती, त्यात पाच नवी पिल्लं. कट्ट्यावर केळीची सालं पडली होती. आक्का पायरीवर नातवाला घेऊन बसल्या होत्या, आणि तो माकडाकडे हात करायला लागला की त्याचा हात खाली घेत होत्या.